मतदाराला उत्तर देणारा पक्ष
(प्रस्तावना)

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे उमेदवार नव्हते, एक प्रश्न होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? विलीनीकरणासाठी फूल आणि विरोधासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. थोड्या दिवसांपूर्वीपर्यंत सत्तेवर असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा उघड पुरस्कर्ता होता आणि बहुजन समाजात त्याचे नेते दयानंद बांदोडकर यांच्या शब्दाला मोठे वजन होते. विरोधी बाजूने ‘राष्ट्रमत’ हे दैनिक चालवले, तेही मराठीतून. त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गावागावांत वाचले जाई, आणि कोकणी गाणी घेऊन कलावंत वाड्यावाड्यांवर फिरत. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. दोन-अडीच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले.

पक्ष आणि मतदार यांच्या नात्याचा विचार करू लागले की ही घटना मला सर्वांत आधी आठवते. मतदाराने पक्षाची सर्वांत मोठी मागणी नाकारली आणि पक्ष मात्र ठेवला. शाळा, कुळांचे हक्क, आपल्या माणसांना मिळणारी वागणूक यांचा हिशेब त्याने एका वहीत मांडला आणि गोव्याच्या अस्तित्वाचा दुसऱ्या. मतदार इतका बारकाईने विचार करतो, हे गृहीत धरून बोलणारे पक्ष आपल्याकडे फार थोडे झाले. बहुतेकांनी त्याला श्रोता मानले. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या विचारांच्या माणसांनी लिहिले आहेत, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसते. आपल्या पक्षांना बोलता उत्तम येते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची, विशेषतः ‘हे होणार नाही आणि का होणार नाही’ असे तोंडावर सांगण्याची, त्यांची सवय मात्र मोडली आहे. ती पुन्हा कशी लागेल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

नव्या वाचकासाठी थोडा मागचा रस्ता सांगायला हवा. महाराष्ट्रात राजकीय संवादाची मुळे पक्षांपेक्षा जुनी आहेत. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्या काळात त्याच्या जलशांनी तमाशाचा साचा उचलून त्यात सावकार, भटजी आणि कुलकर्णी यांच्याविषयीचे प्रश्न भरले. ज्याला अक्षर येत नव्हते तोही जलसा पाहून घरी जाताना वाद घालत जाई. टिळकांकडे १८८१ पासून ‘केसरी’ होता आणि १८९३ नंतर गणेशोत्सवातले मेळे होते. एप्रिल १९२० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी ३१ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ अशी ती परंपरा चालली, आणि तिच्या जोडीला भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. वृत्तपत्र आणि जलसा एकमेकांना पूरक होते. वृत्तपत्रातला युक्तिवाद जलशात संवाद म्हणून यायचा आणि जलशात प्रेक्षकाने विचारलेला प्रश्न कार्यकर्त्यामार्फत वर जायचा. ही परंपरा अजून संपलेली नाही. ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी दिसते, तिच्यापासून कोणत्याही पक्षाच्या प्रचारप्रमुखाने शिकावे. लोक तिथे स्वतःच्या खिशातले पैसे मोजून राजकीय वाचन विकत घेतात.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक हा दुसरा मोठा टप्पा. सुमारे सव्वासतरा कोटी मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. पक्षाचे चिन्ह हा पक्षाने मतदाराशी बोललेला पहिला शब्द ठरला. ही गोष्ट जुनी झाली असे कोणाला वाटत असेल, तर २०२४ ची साताऱ्याची लोकसभा निवडणूक पाहावी. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांत फूट पडून नावे आणि चिन्हे बदलली होती. साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशेजारी एका अपक्षाला पिपाणी मिळाली, आणि पिपाणीला पडलेली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. त्या मतांपैकी किती चुकून पडली हे मोजता येत नाही. पण सत्तर वर्षांनंतरही चिन्ह नीट पोहोचवणे हे पक्षाचे अगदी पहिले काम आहे, हे त्या निकालाने दाखवून दिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी राजकीय बोलणे ऐन भरात आले. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार असे एकमेकांशी अनेक बाबतींत न पटणारे लोक एका व्यासपीठावर आले. नोव्हेंबरमध्ये अत्र्यांचा ‘मराठा’ सुरू झाला. अमरशेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकात कमावलेला आवाज या चळवळीला मिळाला. गिरणगावातल्या चाळींत सभेची बातमी संध्याकाळपर्यंत तोंडातोंडी पोहोचायची. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. तरी १९६२ मध्ये तीच काँग्रेस विधानसभेत प्रचंड बहुमताने परतली. शाहिरी आणि अग्रलेख यांनी लोकांना उभे केले होते. मंगल कलश आल्यावर लोकांचे प्रश्न बदलले, आणि नव्या प्रश्नांना द्यायची उत्तरे समितीतल्या पक्षांना एकत्र बसून ठरवता आली नाहीत.

ती उत्तरे यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने संस्थांमधून दिली. प्रवरानगरच्या कारखान्याने दाखवलेली सहकाराची वाट, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संघ, शिक्षणसंस्था. मतदाराला पक्ष भेटायचा तो सोसायटीच्या कर्जात, उसाच्या नोंदीत आणि मुलाच्या शाळाप्रवेशात. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद उठून अध्यक्षाला भावाचा हिशेब विचारू शकत असे. अनेक ठिकाणी तो विचारायचाही, आणि गोंधळ घालून सभा दोन मिनिटांत गुंडाळण्याची प्रथा नंतर पडली. या व्यवस्थेत खाली-वर बोलणे होते, ही तिची ताकद. ज्याच्याकडे शेअर नाही, जमीन नाही, जो त्याच कारखान्याचा ऊस तोडायला बीडहून बैलगाडी घेऊन येतो, त्याच्यासाठी तिथे खुर्ची नव्हती, ही तिची मर्यादा. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या सत्तेच्या बदलांविषयी जे लिहिले आहे, त्याचा बराच भाग या रिकाम्या खुर्च्यांचा शोध आहे.

शहरात ही जागा शाखेने भरली. १९६० मध्ये ‘मार्मिक’ निघाले, १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि मुंबईच्या गल्लीगल्लीत फळा, बाक आणि संध्याकाळी बसणारा शाखाप्रमुख आला. नळाला पाणी नाही, रुग्णालयात खाट नाही, पोरगा चौकीत बसवला आहे, अशा वेळी माणूस तिकडे जाई. पक्षाशी मतदाराचा रोजचा व्यवहार इतक्या जवळून क्वचितच कोणी बांधला असेल. पण त्याच संवादाचा दुसरा धागा ‘मार्मिक’मध्ये छापल्या जाणाऱ्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्यांचा होता. शत्रू दाखवून आपली माणसे एकत्र करण्याची ही रीत परिणामकारक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ती एकाच पक्षापुरती राहिलेली नाही. आम्ही या पुस्तकात ती कौशल्य म्हणून शिकवलेली नाही. शेजाऱ्याला शत्रू ठरवून मिळालेला पाठिंबा मतदाराच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याचा प्रश्न विसरायला लावतो.

जनसंघ आणि पुढे भाजपची वाट आणखी वेगळी. छोटी बैठक, घरोघरचा संपर्क, वर्षानुवर्षे टिकवलेली यादी. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी या समाजांना जोडण्याचा ‘माधव’ प्रयोग केला, तेव्हा पक्षाला आपली शहरी भाषा सोडून नव्या माणसांचे प्रश्न उचलावे लागले. मतदार यादीच्या एकेका पानासाठी एक कार्यकर्ता नेमणारा आजचा पन्नाप्रमुख हा त्याच शिस्तीचा विस्तार आहे.

दोन उदाहरणांपाशी मला जास्त थांबावेसे वाटते, कारण पुस्तकाचा गाभा त्यांत आहे. पहिले मृणाल गोरे यांचे. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी काम केले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत अहिल्या रांगणेकरांसारख्या दुसऱ्या पक्षाच्या नेत्या त्यांच्या सोबत होत्या. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, कारण विषय त्यांच्या स्वयंपाकघरातला होता: तेल, साखर, रॉकेल. पक्षाचे धोरण आधी ठरले आणि मग बायकांना समजावले, असे तिथे झाले नाही. रांगेतल्या बाईचे म्हणणे आधी ऐकले गेले, त्याची मागणी झाली आणि तीच मागणी सरकारपुढे गेली. १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेत गेल्या, तेव्हा मतदाराला त्यांची ओळख करून देण्याची गरज कोणालाच पडली नाही.

दुसरे शरद जोशींचे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी शेतकऱ्याला जे दिले ते हिशेबाचे शिक्षण होते. एका क्विंटलला खर्च किती, भाव किती, तो कोण पाडतो, निर्यातबंदीने कोणाचा फायदा होतो, हे त्यांनी शिबिरांमध्ये बसून, आकडे मांडून, निरक्षर माणसाला पटेल असे सांगितले. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात लाखो शेतकरी स्त्रिया जमल्या. अवघड विषय लोकांना समजत नाही म्हणून घोषणेवर भागवावे लागते, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर आहे. मराठीत राजकीय समजावणीचा याहून मोठा प्रयत्न माझ्या माहितीत नाही. आणि तरीही, बिल्ला लावून जोशींच्या सभेला जाणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी पुष्कळदा दुसऱ्याच चिन्हाला मत देत असे. जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष त्या गर्दीच्या मानाने लहानच राहिला. पटणे आणि मत देणे यांच्यामध्ये जात, गावातला गट, सोसायटीचे कर्ज आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस उभा असतो. चांगला संवाद म्हणजे हमखास विजय, असे सांगणारे पुस्तक वाचकाची फसवणूक करील.

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. एकच पक्ष, बहुतेक काळ विरोधी बाकावर. देण्यासारखे हातात फारसे नसताना मतदार टिकून राहतो तो कशामुळे, या प्रश्नावर एक अख्खा विभाग आम्ही दिला आहे.

जगभरातल्या अभ्यासाचीही ओळख हवी, पण ती थोडक्यात पुरेल. अमेरिकेत १९४० च्या निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वृत्तपत्रे मतदाराला थेट फिरवतात ही समजूत तिथे ढासळली. माणूस ऐकतो ते आपल्या ओळखीतल्या जाणत्या माणसाचे, आणि तो जाणता वृत्तपत्र वाचतो. पुढे मिशिगनच्या अभ्यासकांनी पक्षाशी असलेल्या जुन्या निष्ठेवर भर दिला. मॅककॉम्ब्ज आणि शॉ यांनी १९७२ मध्ये मांडले की माध्यमे काय मत बनवायचे यापेक्षा कशाविषयी बनवायचे हे जास्त ठरवतात. १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन यांनी प्रयोग केला. दारात जाऊन बोललेल्या माणसांमध्ये मतदान वाढले, भाड्याच्या केंद्रातून केलेल्या फोनचा उपयोग झाला नाही. भारतात रजनी कोठारींनी काँग्रेसची मांडणी ‘व्यवस्था’ म्हणून केली, जिच्या आतच मतभेद व्यक्त होत आणि मिटत. सीएसडीएसच्या ‘लोकनीती’ने सर्वेक्षणांतून मतदाराला स्वतःचे म्हणणे मांडायला जागा दिली. अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. तिथला कार्यकर्ता दारात येतो तो मत मागायला. आपल्याकडे दार उघडणाऱ्या बाईला त्याच्याकडे रेशनकार्डाचे काम असते.

आता हा विषय तातडीचा का झाला, ते सांगतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, आणि तारांकित प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. पैसा त्यामुळे वर साचतो: राज्यभरची जाहिरात, हेलिकॉप्टर, सल्लागार कंपन्या, वॉर रूम. गल्लीतल्या कार्यकर्त्याकडे वरून तयार होऊन आलेली रील पुढे ढकलण्याचे काम उरते. त्याला गटावर शेकडो संदेश येतात, पण वर्षभर लोकांकडून त्याने ऐकलेले वरच्या कोणाला कळवायचे असेल तर त्यासाठी जागा नसते. मतदानाच्या आधीच्या ४८ तासांची प्रचारबंदी कायद्यात आहे, फोनवर ती जाणवत नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा भारतात आणली. अफवेचा वेग त्याने कमी झाला असेल. ज्या मतदाराला शंका आली आहे त्याने ती कोणाला विचारायची, ही अडचण तशीच राहिली.

याच काळात उत्तर देणारी सर्वांत खालची पायरी काढून घेतली गेली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही हीच गत होती. नगरसेवक चांगला असो की वाईट, तो शिव्या खाण्यासाठी तरी समोर असतो. तो नसताना तुंबलेल्या गटाराची तक्रार ॲपवर जाते आणि तक्रार क्रमांक मिळतो. मतदार आणि पक्ष यांच्यामधले माणूस नावाचे माध्यम इतका काळ गैरहजर राहणे ही लोकशाहीची झीज आहे, आणि तिच्यावर व्हायला हवा होता तेवढा संताप झाला नाही, याचे मला अजून दुःख होते.

जाहीरनाम्यांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली: पक्षांनी आश्वासनांमागचे कारण द्यावे आणि पैसा कुठून उभा करणार हे ढोबळमानाने सांगावे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. प्रचारात महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे वचन दिले. ज्या बाईच्या हातात आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाचे पैसे आले तिच्यासाठी ती रक्कम मोठी आहे, आणि त्या रकमेला ‘रेवडी’ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या बाईला माणूस म्हणून वागवायचे तर तिला पूर्ण हिशेब सांगायला हवा. वाढीव रक्कम कधी, नाही तर का नाही, छाननीत नाव का गेले, दाद कुठे मागायची. हे प्रश्न घेऊन ती अंगणवाडी सेविकेच्या दारात जाते, कारण मत मागायला आलेल्या पक्षाचा माणूस तिला पुन्हा दिसत नाही. कोणत्याही पक्षाने आपल्या कार्यकर्त्याला हे उत्तर द्यायला तयार केले, तर त्या पक्षाला बूथवर वेगळी यंत्रणा लावावी लागणार नाही, असे मला वाटते.

या संग्रहातले लेख त्या तयारीविषयी आहेत. निवडणूक जिंकण्याचे हे पुस्तक नाही, आणि कोणत्याही एका पक्षासाठी ते नाही. काही लेखकांनी आयुष्यभर सतरंज्या उचलल्या आहेत, काहींनी पत्रकार म्हणून सभा ऐकल्या आहेत, काही विद्यापीठात शिकवतात. त्यांचे आपसात मतभेद आहेत आणि आम्ही ते मिटवले नाहीत. डेटामुळे पक्षाला मतदार जास्त स्पष्ट दिसतो असे एकाचे म्हणणे आहे, तर यादीतल्या जात-वय-लाभार्थी या रकान्यांमागे माणूस हरवतो असे दुसऱ्याचे. जनता दरबारात निवेदन घेतल्यावर पाठपुरावा कसा ठेवावा, नकार कोणत्या शब्दांत द्यावा, ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसताना ग्रामसभेत पक्षाच्या कार्यकर्त्याने कसे वागावे, पराभवानंतरच्या पहिल्या महिन्यात लोकांकडे काय घेऊन जावे, असे अगदी हाताशी लागणारे प्रश्न इथे आले आहेत. ज्याला उद्या सकाळी वस्तीवर जायचे आहे त्याने ते आधी वाचावेत, इतिहासाचा भाग नंतर वाचला तरी चालेल.

एक मोठी उणीव उरली आहे. हे सगळे पुस्तक मराठी बोलणाऱ्या मतदाराला धरून झाले. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली बोलणाऱ्या मतदाराकडे पक्ष जातो तो बहुधा मराठी पत्रक घेऊन, आणि दुभाष्या म्हणून शाळेतला एखादा मुलगा पुढे करतो. त्या भाषांतून राजकीय काम करणाऱ्यांचे अनुभव त्यांनी स्वतः लिहिलेले हवेत. बाहेरच्याने त्यांच्या वतीने लिहिलेला लेख आम्ही मुद्दाम घेतला नाही. पुढच्या आवृत्तीत त्या विभागासाठी पाने राखून ठेवली आहेत. मजकूर त्यांच्या भाषेत, देवनागरीत किंवा नुसता ध्वनिमुद्रित करून पाठवला तरी चालेल. मराठी अनुवाद आम्ही करून घेऊ आणि तो छापण्याआधी त्यांना वाचून दाखवू.